पर्यटन कुळागराला तारेल का? सत्तरीतून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे अडीच हेक्टरांचे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारीची मिश्र बागायत, आहे. त्यात मुख्यतः सुपारी, थोडे नारळ, मिरी, जायफळ आणि वरच्या डोंगराला काजू आहे. अवेळी पावसामुळे सुपारी गळते आणि काजूचा भरवसा उरलेला नाही, म्हणून ओहळाच्या काठावर कर्ज काढून चार खोल्या बांधाव्यात आणि पाहुण्यांना निवास, कुळागराची फेरी व जवळच्या धबधब्यापर्यंतची पायवाट असे सारे द्यावे, असा त्यांचा बेत आहे. शेती बुडाली तर पर्यटन सावरून घेईल, हे गृहीत धरणे बरोबर आहे का, असे ते विचारतात.

माझे कुळागर फोंडा तालुक्यात आहे. ते मी गेली बावीस वर्षे पाहतो आणि त्यांपैकी चौदा वर्षे आमच्याकडे पाहुणे येत आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की पर्यटन शेतीला सावरू शकते. मात्र आपण ज्या पर्यटनाची आखणी केली आहे, ते शेती ज्या दिवशी बुडेल त्याच दिवशी बुडेल. ओहळ, धबधबा आणि मोकळ्या आभाळाखालची फेरी या तिन्ही गोष्टी सुपारीइतक्याच पावसाच्या हातात आहेत. त्यामुळे आपला खरा प्रश्न उत्पन्नाचे दुसरे साधन कोणते, हा नाही. दोन्ही साधनांचे वाईट आठवडे वेगवेगळे कसे ठेवायचे, हा आहे.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करतो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या सात-बारावर) काय लिहिले आहे, ते मला माहीत नाही. जमीन कूळकायद्याखाली मिळालेली असेल तर १९९१ च्या भूवापर कायद्याप्रमाणे ती शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही आणि चार खोल्यांचा विषय तिथेच संपतो. सत्तरीत मोकाशांच्या (जुन्या जमीनदारांच्या) जमिनींचे प्रश्नही अनेक गावांत सुटलेले नाहीत. जमीन निर्वेध असली तरी निवासासाठी पर्यटन खात्याकडे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. घरात कामाला किती हात आहेत आणि रात्री पाहुण्याला बरे नसेल तर गाडी काढायला कोण आहे, यावरही बरेच ठरते. ही उत्तरे अनुकूल आहेत असे धरून पुढचे लिहितो.

हवामान बिघडले म्हणजे पाऊस कमी किंवा जास्त झाला, असे आपण पटकन म्हणतो. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याला, म्हणजे आपल्या सत्तरीत आणि सांगे तालुक्यात, त्याहून अधिक पडतो. कुळागराला या आकड्याची फारशी अडचण कधी नव्हती. अडचण तारखांची झाली आहे. २०२३ मध्ये मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोहोचला आणि गोव्यात जूनचा दुसरा आठवडा उजाडला. २०२५ मध्ये तो केरळात २४ मे रोजी आला आणि लगेच दुसऱ्या दिवसाच्या सुमारास गोव्यात होता. दोन वर्षांच्या अंतराने एकाच गोष्टीची तारीख दोन आठवड्यांहून अधिक हलली. शिवाय अरबी समुद्र तापतो आहे आणि हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ पडतो आणि मध्येच बरेच दिवस दडी मारतो. शेतकऱ्याचे काम तारखांवर चालते आणि पाहुण्याची सुट्टीही तारखांवरच चालते, म्हणून दोघांचे नुकसान एकाच ठिकाणी होते.

२०२५ चा मे महिना मी थोडा तपशिलाने सांगतो, कारण माझे म्हणणे त्यातून सर्वांत स्पष्ट होते. सुपारीचा कोळेरोग एका बुरशीसदृश जीवामुळे होतो आणि सतत ओल, गारवा व मधूनच ऊन अशी हवा त्याला मानवते. त्याला रोखायचे तर पावसाच्या तोंडावर १ टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी व्हावी लागते आणि ४० ते ४५ दिवसांनी दुसरी. १०० लिटर मिश्रणासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवायचे, मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या पाण्यात धार धरून ओतायचे आणि सारखे ढवळत राहायचे. मग त्यात लोखंडी कोयत्याचे पाते बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, असे समजून आणखी घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे लागते आणि घोसावर ते वाळायला काही तास कोरडे मिळावे लागतात.

आमची फवारणी दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात असे. माडीवर (सुपारीच्या झाडाला आम्ही माडी म्हणतो) चढून फवारणी करणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर जाणारा माणूस त्या आठवड्यासाठी चार-पाच कुळागरांत वाटून घ्यावा लागतो. त्या वर्षी तो २६ तारखेला यायचा होता. २० तारखेपासूनच पाऊस झोडपू लागला आणि ओल्या, निसरड्या खोडावर कुणाला चढवणे मला शक्य नव्हते. पिंपे भरून तयार होती आणि आम्ही पडवीत बसून पाऊस पाहत होतो. पहिली फवारणी अखेर जूनच्या मध्यावर, तीन दिवसांच्या उघडिपीत झाली. तोपर्यंत घोसांवर पाणी धरल्यासारखे डाग आले होते आणि जुलैत हिरव्या सुपाऱ्यांचा सडा झाडाखाली पडलेला रोज सकाळी दिसू लागला.

त्याच आठवड्यात पाहुण्यांचे काय झाले, ते पाहा. मेच्या शेवटी शाळांना सुट्टी असते, म्हणून मुंबई-पुण्याची कुटुंबे येतात. आम्ही त्यांना पिकलेली भिरंडे (कोकमाची फळे) काढायला नेतो, साली रसात बुडवून उन्हात सुकत घालायला देतो आणि निघताना प्रत्येकाला आपल्या हातची सोले (आमसुले) मिळतात. त्या वर्षी पिकलेली भिरंडे झाडाखाली कुजली, सुकत घातलेल्या सोलांवर बुरशी आली आणि सहापैकी पाच कुटुंबांनी येण्याचे रद्द केले. एकाच ढगाने सुपारी, सोले आणि पाहुणे ही तिन्ही नेली. त्या महिन्यात मला पर्यटनाने सावरले नाही. सावरले ते जानेवारीत बाजूला ठेवलेल्या पैशांनी.

म्हणून माझा पहिला सल्ला असा आहे की एक मोठा कागद घेऊन बारा महिन्यांचे दोन पट्टे काढावेत, एक कुळागराचा आणि एक पाहुण्यांचा, आणि कोणत्या महिन्यात कोणता अवेळी प्रकार कोणाला मारतो, ते लिहावे. मी लिहिले तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ वेगळा उठून दिसला. या दिवसांत अवकाळी सर आली तर अंगणात वाळत घातलेली सुपारी काळी पडते, काजूचा मोहोर झडतो, ढगाळ हवेत काजूवर ढेकण्या किडा वाढतो आणि मानकुराद आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे व भुरी येते. शेतीचे नुकसान मोठे असते, पण पाहुण्याचा फक्त एक दिवस जातो. दुसऱ्या दिवशी ऊन पडते आणि तो परत फिरायला निघतो. पर्यटन शेतीची भरपाई खऱ्या अर्थाने याच चार महिन्यांत करते. कर्जाचा पूर्ण वर्षाचा हप्ता या चार महिन्यांच्या पाहुण्यांतून सुटत असेल, तर कर्ज घ्यावे. मे किंवा पावसाळ्याचे उत्पन्न धरल्याशिवाय हप्ता जुळत नसेल, तर चारऐवजी दोन खोल्या बांधाव्यात. मी स्वतः पहिली सहा वर्षे एकाही खोलीचे बांधकाम केले नाही. पाहुणे सकाळी येत, जेवत आणि संध्याकाळी जात. त्या सहा वर्षांत कोणत्या महिन्यावर किती विसंबता येते, ते मला कळले आणि ते कळण्यासाठी व्याज भरावे लागले नाही.

मार्च ते मे हा काळ फसवा आहे. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत भाटी पाहायला येणारे पुष्कळ असतात आणि ते महिनाभर आधी तारीख मागतात. काजू मात्र आपल्या तारखेने येतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला आणि थंडी उशिरा पडली तर मोहोर मागे जातो, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यासाठी बोलावलेल्या पाहुण्यांसमोर बोंडू (काजूफळे) मळायची कोळंबी, म्हणजे कुंड, कोरडी असते. असे माझ्याकडे दोनदा घडले. आता मी या महिन्यांत काजूचा शब्द देत नाही. ‘त्या दिवशी कुळागरात जे चालू असेल ते दाखवू’ एवढेच लिहून देतो आणि चांगली माणसे ते आनंदाने स्वीकारतात. उष्म्याचाही विचार हवा. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या होत्या आणि त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, ते विझवायला हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. आपले गाव त्या रानाच्या जवळ आहे. मार्चपासून फेरी सकाळी साडेसातला सुरू करून दहाच्या आत संपवावी, काजूच्या डोंगराच्या कडेने पाचोळा काढून पट्टा मोकळा ठेवावा आणि पाहुण्यांना रानात विडी-सिगारेट ओढू देऊ नये.

आता धबधब्याविषयी. त्यावर व्यवसाय उभा करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी केली. त्या निर्णयाला मी दोष देत नाही, माणसाच्या जिवापुढे कुणाची कमाई मोठी नाही. पण ज्यांचे जुलै-ऑगस्टचे सारे आरक्षण धबधब्याच्या नावावर होते, त्यांच्या हाती एका दिवसात काही उरले नाही. पावसाचा जोर, ओहळाची पातळी आणि बंदीचा आदेश या तिन्ही गोष्टी आपल्या ताब्यात नाहीत. धबधबा जमला तर दाखवावा, त्याचे पैसे वेगळे घेऊ नयेत आणि जाहिरातीत त्याचे छायाचित्र पहिले लावू नये.

खोल्या ओहळाच्या काठी बांधण्याच्या बेताने मला खरी काळजी वाटली. २३ जुलै २०२१ रोजी म्हादई आणि तिचे ओहळ किती चढले होते, ते आपल्या गावात सर्वांनी पाहिले आहे. १९८२ नंतरचा सर्वांत वाईट पूर, असे तेव्हा सांगितले गेले. गावातल्या दोन-तीन वयस्क माणसांना बरोबर घेऊन जागेवर जा आणि त्या दिवशी पाणी कुठवर आले होते ते त्यांना काठीने दाखवायला सांगा. मग त्या खुणेच्या वर, पुरुषभर उंची सोडून, जिथे जुनी झाडे सरळ उभी आहेत आणि डोंगर कापावा लागत नाही, तिथेच जोते घाला. आपल्या वाडवडिलांनी पोफळी पाण्याजवळ आणि घर वर बांधले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिलेले पूर आहेत. डोंगर कापून सपाट केलेली जागाही तितकीच धोक्याची असते, कारण घाटाखालच्या मातीत एका रात्रीत मोठा पाऊस मुरला की कापलेली बाजू सुटते. पाहुण्याला रात्री ओहळाचा आवाज ऐकू आला तरी पुरे, त्याला ओहळाच्या काठावर झोपवण्याची गरज नाही.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, हप्ता हिवाळ्यावर बेतावा, उन्हाळ्यात ठरावीक पिकाचा शब्द देऊ नये आणि पावसाळ्याची मिळकत वरकड समजावी. मात्र वरकड म्हणजे शून्य नव्हे, म्हणून पावसाळ्याविषयी थोडे अधिक लिहितो.

पावसाळ्यातील पाहुणा पावसामुळे कमी आणि पावसाच्या बातमीमुळे अधिक रद्द होतो, हे समजायला मला काही वर्षे लागली. हवामान खाते पिवळा किंवा नारिंगी इशारा देते तो जिल्ह्यासाठी असतो. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार’ आणि ११५.६ मिलिमीटरपासून ‘अति जोरदार’ पाऊस असतो. दक्षिण गोव्याला नारिंगी इशारा असताना सासष्टीत ओहळ फुगलेले असतील आणि आमच्याकडे नुसती रिमझिम असेल, असे पुष्कळदा होते. पुण्यात बसलेल्या माणसाच्या फोनवर मात्र एकच रंग दिसतो. म्हणून मी अंगणात पर्जन्यमापक बसवला आहे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी स्वतः फोन करतो, काल किती मिलिमीटर पडला, ओहळाची पायरी दिसते की बुडाली, चोर्ला आणि अनमोड घाटांतला रस्ता सुरू आहे की दरड आली आहे, हे खरे सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोपवतो. येऊ नका, असेही मी अनेकदा सांगितले आहे. ज्यांना तसे सांगितले, त्यांच्यातील बहुतेक पुढे कधीतरी आले.

पैशांच्या बाबतीत नियम आधीच लिहून द्यावा. आमच्याकडे आगाऊ रक्कम परत दिली जात नाही, पण ती बारा महिन्यांत कोणत्याही तारखेला वापरता येते. आम्हीच ‘येऊ नका’ असे सांगितले तर पूर्ण रक्कम परत जाते. हा नियम फोनवर सांगून भागत नाही. तो मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहून, आरक्षण घेतानाच पाठवावा लागतो, नाहीतर वाद होतात.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. पावसाने उघडीप दिली की त्याच दिवशी फवारणीला माणसे हवी असतात आणि त्याच दिवशी पाहुण्यांनाही फिरायचे असते. दोन्हीकडे तीच चार माणसे असली तर एक काम बुडते, आणि रोख पैसे समोर दिसतात म्हणून बहुधा फवारणी बुडते. मी असे एका ऑगस्टमध्ये केले. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी दुसरी फवारणी चार दिवस पुढे ढकलली आणि नंतर नऊ दिवस पाऊस थांबला नाही. त्या पाहुण्यांकडून जे मिळाले, त्याच्या कितीतरी पट सुपारी गेली. तेव्हापासून आमच्या घरात ठरले आहे की फवारणीच्या दिवशी पाहुणे मांगरात (बागेतल्या शेतघरात) बसतील, सुपारी सोलताना पाहतील, आणि घरातील बायका त्यांना तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी निवडायला, पातोळ्या करायला बसवतील. छपराखाली करण्यासारखे काम प्रत्येक महिन्याला एक तरी तयार ठेवावे. आपण खोल्यांवर खर्च करण्याआधी मोठ्या, उंच छपराच्या मांगरावर करावा, असे मी म्हणेन. पावसात तिथे पाहुणे बसतात, हिवाळ्यात अवकाळी सर आली की अंगणातली सुपारी तिथेच ओढून घेता येते. एकाच खर्चाने दोन्ही व्यवसाय पावसापासून वाचतात, असे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

भरपाईविषयी थोडेच लिहितो. कृषी खात्याचे कृषी कार्ड नसेल तर आधी ते करून घ्यावे. नैसर्गिक आपत्तीने पीक गेले तर शेतकरी आधार निधीतून मदत मिळू शकते. त्यासाठी पडलेली झाडे आणि गळलेली सुपारी आवरण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे काढून विभागीय कृषी कार्यालयात लगेच कळवावे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने माझ्या बावीस माडी आणि तीन माड पाडले, तेव्हा घाईने वाट मोकळी करताना मी अर्ध्या झाडांची छायाचित्रे काढलीच नाहीत आणि ती मोजणीत आली नाहीत. त्या वादळात आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती आणि पाहुण्यांची बुडालेली मिळकत भरून देणारी कोणतीही योजना मला सापडली नाही. म्हणून हिवाळ्याच्या मिळकतीतील पाचवा हिस्सा मी वेगळ्या खात्यात ठेवतो आणि मे ते सप्टेंबर या काळाखेरीज त्याला हात लावत नाही.

आपण लगेच बांधकाम सुरू करू नये, अशी माझी विनंती आहे. एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या. ओहळात खुणा केलेला एक खांब रोवा आणि रोज सकाळी पाण्याची उंची वहीत लिहा. अंगणात पर्जन्यमापक ठेवा. फवारणी कोणत्या तारखेला ठरली होती आणि कोणत्या तारखेला झाली, काजूचा पहिला मोहोर आणि पहिला बोंडू कधी दिसला, हे त्याच वहीत येऊ द्या. हिवाळ्यात दिवसाचे पाहुणे घेऊन पाहा, आठवड्याला एक गट पुरे, आणि किती आले, किती रद्द झाले, का झाले, ते लिहा. काजूचा हंगाम संपला की ती वही, एक-चौदाचा उतारा आणि जागेचा कच्चा आराखडा घेऊन आमच्याकडे या. कुळागरातून एक फेरी मारू आणि मग मांगरात बसून आपल्या दोन खोल्यांचा हिशेब मांडू.